संगीन उघडल्यावर

बाबा गेल्यानंतर सातव्या आठवड्यात
कपाटामागून रायफल काढली.
मेणचट तपकिरी ग्रीसनं माखलेली,
तळघराच्या ओलीचा वास.
कॉन लाउनी म्हणाला, दुकानात आण,
माझ्याकडे रॉकेल आहे, चिंध्या आहेत, रविवारपर्यंत काम नाही.

आधी त्याला रशियन वाटली.
आखूड नळी, बोल्टचा सरळ दांडा,
कडेला मिटलेली चार धारांची संगीन.
मग त्यानं दस्त्यावर नख ओढलं.
"हे बर्च नाही. मऊ आहे. तिकडचंच कुठलंतरी लाकूड."
पुसत गेला, पुसत गेला,
तसा ग्रीसखालून वर आला एक त्रिकोण, त्यात आकडे,
शेजारी एक अक्षर, काड्यांच्या मोडक्या पिंजऱ्यासारखं,
ना त्याला वाचता येत, ना मला.
"चिनी."
मी म्हटलं, ते आमच्या खोऱ्यात कुणाला ठाऊक नाही?

टॉइवो लाम्पिनेन, वय एकोणीस.
कोरियातला डिसेंबर, गोठलेला ओढा,
पलीकडच्या काठावर बसल्या जागी गारठलेला एक पोरगा,
मांडीवर रायफल, हातमोजे नाहीत.
बाबांनी त्याची बोटं सोडवली, एकेक करून.
दरवर्षी हरणांच्या हंगामात, सौनाच्या पायरीवर,
दुसऱ्या बिअरनंतर सांगायचे.
तिसरीनंतर कधीच नाही.

कॉननं भिंग माझ्याकडे सरकवलं.
एकोणीसशे पंचावन्न.
बोलला काही नाही तो.
मी शाळेची बस चालवते, पण गणित मलाही येतं:
युद्ध त्रेपन्नच्या जुलैतच थांबलं होतं.
आणि नळीच्या तोंडापाशी, खालच्या अंगाला
मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत
कुठल्याशा आयात कंपनीचं नाव, गावासकट.

"अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदला," कॉन चिंधीशी बोलल्यासारखा बोलला,
"पिंपात उभ्या असायच्या ह्या. फावड्यांच्या शेजारी.
सत्तर डॉलर. मीही विकल्यात."

मी आठवून पाहिलं.
गोष्ट ऐकली तेव्हा मी सहा वर्षांची,
पुढचे दोन दात पडलेले.
रायफल?
रायफल दिसली माझ्या लग्नानंतर.
म्हणजे वीस वर्षं ती गोष्ट
नुसत्या दोन हातांत होती,
हवेत आडवी धरलेली. एवढी लांब.
हात खाली जायचे त्यांचे, वजनानं.

रविवारी जुन्या खडीच्या खाणीत गेलो.
पहिला बार टायरला बांधून,
दोरीनं, ट्रकच्या आडून.
काडतुसाचं टरफल धड निघालं, मग खांदा माझा.
खेचरानं लाथ घालावी तशी बसली.
तोंडातून टोपलीएवढा जाळ,
समोरच्या उतारावरून मॅगपायांचा थवा उठला
आणि बोल्ट अडकला तो अडकलाच.
कॉननं ठोकळ्यानं ठोकून उघडला.
तीन गोळ्या. तिन्ही वीतभर डावीकडे,
एकमेकींना खेटून.

"माशीला हात लावू नकोस," तो म्हणाला,
"ही जुळवलेली असते संगीन उघडून."
मी खटका ओढला. ती वळली,
खट्ट करून नळीच्या पुढे उभी राहिली,
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बहुधा.
चौथी गोळी कागदाच्या मध्यात.
पाचवी तिच्या शेजारी.
आम्ही दोघंही कागदाकडे बघत राहिलो,
जरा जास्तच वेळ.

रात्री स्वयंपाकघरात किटली उकळली.
जुन्या काडतुसांत मीठ असतं,
सकाळपर्यंत गंज धरतो.
नळीतून काळं पाणी बादलीत पडत होतं
तेव्हा स्पोकेनहून रायमोचा फोन.
"तीच ना? कोरियातली?"
फोन खांद्यावर, खांदा दुखरा.
म्हटलं, डावीकडे मारते.
संगीन उघडली तर नाही.
"हे बाबांनी कधी सांगितलं नाही."
त्यांना माहीत नसणार, मी म्हटलं,
नळी आतून कारखान्याच्या ग्रीसनं
भरलेली होती, तोंडापर्यंत.
तो गप्प.
मी दुसरी किटली ठेवली.